मूल स्वतः वाचेल असं पहिलं पुस्तक कसं निवडाल?

दुकानात जाऊन "पहिलीतल्या मुलासाठी मराठी पुस्तक द्या" म्हटलं, की काउंटरवर बहुतेक वेळा तीन वस्तू येतात. मुळाक्षरांचा चकचकीत तक्ता, गिरवायची वही आणि बोधकथांचा जाडजूड संग्रह. म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, फारसा फरक नाही. या तिन्हींत मूल स्वतः वाचेल असं पुस्तक एकही नसतं. तक्त्यावर वाक्यं नसतात, वहीत गोष्ट नसते आणि संग्रहाचं पान वाचताना मोठ्यांनाही डोळे बारीक करावे लागतात. मूल दोन दिवस चित्रं बघतं, मग पुस्तक कपाटात जातं आणि आपण शेजाऱ्यांना सांगतो, "याला वाचनाची आवडच नाही."

आवडीचं नंतर बघू. आधी हातात योग्य पुस्तक पडायला हवं. ते कसं ओळखायचं, गोव्यात कुठे शोधायचं आणि घरी आणल्यावर काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते. मी डिचोली तालुक्यात लहान मुलांबरोबर वाचत असते, त्यामुळे उदाहरणं तिकडची येतील. तुमचं मूल मराठी शाळेत जात असो की इंग्रजी, पायऱ्या त्याच आहेत.

पहिली पायरी: दोन ढीग करा

घरातली मुलांची सगळी पुस्तकं जमिनीवर काढा आणि त्यांचे दोन ढीग लावा. एका ढिगात तुम्ही मुलाला वाचून दाखवायची पुस्तकं, दुसऱ्यात मूल स्वतः वाचणार ती.

वाचून दाखवायच्या पुस्तकाला भाषेचं बंधन नको. लांब वाक्यं, अवघड शब्द, राक्षस, राजवाडे, सगळं चालेल, कारण अक्षरं ओळखायचं काम तुम्ही करता. मुलाला फक्त ऐकायचं असतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला ऐकून जेवढं समजतं त्याच्या पासंगालाही त्याचं वाचन पुरत नसतं. स्वतः वाचायच्या पुस्तकाचं गणित उलटं. पानावर एक-दोन ओळी, ओळीत तीन-चार शब्द, आणि ते शब्द मुलाच्या तोंडात आधीपासून असलेले. असं पुस्तक मोठ्यांना फारच बाळबोध वाटतं. वाटू दे.

गोंधळ होतो तो एकाच पुस्तकाकडून दोन्ही कामं मागितली की. छान, दीर्घ गोष्ट मुलाच्या पुढ्यात ठेवून "आता तू वाच" म्हटलं की गोष्टही जाते आणि वाचनही. बहुतेक घरांत ढीग लावून झाल्यावर कळतं, की दुसऱ्या ढिगात काहीच नाही. मग पुढच्या पायऱ्या या दुसऱ्या ढिगासाठी. सुरुवातीला चार-पाच पुस्तकं पुरतात, कारण तीच पुनःपुन्हा वाचली जाणार आहेत.

पहिला ढीग मात्र बंद करू नका. मूल अडखळत का होईना वाचायला लागलं, की "आता तुला येतं ना, मग तूच वाच" म्हणून वाचून दाखवणं थांबवणारे पालक खूप बघितले आहेत. मुलाच्या कानावर मराठीची लांब वाक्यं पडण्याची ती एकच जागा असते, विशेषतः इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या बाबतीत.

दुसरी पायरी: मुलाला नेमकं काय येतं ते लिहून काढा

"त्याला सगळी अक्षरं येतात" हे वाक्य सगळेच पालक म्हणतात. तक्त्यावर क्रमाने येतात, हे खरं. मधल्याच एखाद्या अक्षरावर बोट ठेवून विचारा. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाच्या पुड्यावरची नावं, लग्नाची पत्रिका, जे हाताशी येईल त्यावर. परीक्षा घेतल्यासारखं नको, येता-जाता विचारा आणि रात्री एका कागदावर टिपून ठेवा: कोणती अक्षरं पटकन येतात, कुठे थांबतं, कोणत्या खुणा माहीत आहेत.

देवनागरीत काही जोड्या जवळपास प्रत्येक मुलाला चकवतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष. ड आणि इ यांतही गफलत होते. 'ख' कित्येक मुलं 'रव' असा वाचतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, तो दिसतोच तसा. पहिल्या वेलांटीचा त्रास वेगळा. 'दिवस' शब्दात डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि द नंतर, तोंडाने मात्र द आधी म्हणायचा असतो. म्हणून पहिल्यावहिल्या पुस्तकात काना, मात्रा आणि दुसरी वेलांटी भरपूर असावी, उकार थोडे, पहिली वेलांटी अधूनमधून. हा काही कुठल्या खात्याचा नियम नाही. मुलं कुठे अडतात ते बघत बघत बसलेला माझा अंदाज आहे.

इथे एक जुनी सवय आडवी येते. काना-मात्रा नसलेले शब्द सोपे, म्हणून "बबन नळ बघ, मदन गवत धर" अशा वाक्यांची पुस्तकं मुलांना दिली जातात. अक्षरांची ओळख पक्की करायला त्यांचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण असं कुणी बोलत नाही, आणि बबनने नळ का बघायचा हे मुलाला कळत नाही. आता ही चार पानं बघा:

आई, पाऊस आला!
बाबा, पाऊस आला!
काका, पाऊस आला!
पाऊस घरात आला!

यात काना आहे, आ, ई आणि ऊ हे स्वर आहेत, बाकी साधी अक्षरं. वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. पहिल्या तीन पानांत बदलतो तो एकच शब्द, म्हणजे मुलाला पानामागे एकच नवीन काम. चौथ्या पानावर मूल हसतं, कारण जूनमध्ये कौलातून गळणारं पाणी आणि खाली ठेवलेली बादली त्याने पाहिलेली असते. पहिल्या पुस्तकात शोधायचं ते हेच: ओळ परत परत येते, दर पानाला थोडीशी बदलते आणि शेवटी एक कलाटणी मिळते.

जोडाक्षरांचं काय? "जोडाक्षरविरहित" असं छापलेली पुस्तकं मिळतात आणि पालक ती विश्वासाने घेतात. हरकत नाही, पण त्या अटीपायी मराठीचे हातपाय बांधले जातात. 'म्हणाला' हा शब्दच वापरता येत नाही. 'त्याने', 'माझ्या', 'दुसऱ्या', 'गोष्ट', 'पुस्तक', सगळं बाद. परिणामी अशा गोष्टीत कुणी काही म्हणतच नाही, सगळे नुसते 'बोलतात'. माझं मत असं, की 'म्हणाला', 'म्हणाली', 'त्या', 'माझ्या' असे मोजके शब्द अख्खे चित्रासारखे ओळखायला शिकवावेत, फोड न करता. ते दर गोष्टीत येतात, मूल आठवड्यात ओळखू लागतं. टाळायचा तो जोडाक्षरांचा ढीग. त्यातही र जरा सांभाळून. 'सर्व' मधला रफार, 'चक्र' मधली तिरकी रेघ, 'ट्रक' मधली खालची टोपी आणि 'दुसऱ्या' मधला अर्धचंद्रासारखा ऱ्य ही एकाच अक्षराची चार रूपं. सगळी एकाच पुस्तकात असतील तर ते पुस्तक सहा महिने बाजूला ठेवा. ट्रकचं पुस्तक मुलगा हट्टाने मागेल, ते पहिल्या ढिगात ठेवून तुम्ही वाचून दाखवा.

तिसरी पायरी: घरची बोली हिशेबात धरा

महाराष्ट्रातले सल्ले गोव्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते इथे. आपल्याकडे कित्येक घरांत कोंकणी बोलली जाते, आरत्या-नाटकं-वर्तमानपत्र मराठीत आणि शाळा मराठी किंवा इंग्रजी. पेडणे-सत्तरीकडची बोली आणखी वेगळी. मूल या सगळ्यांत मजेत वावरतं, पण सुरुवातीच्या वाचनपुस्तकांची सगळी मदार चित्रावर असते. चित्र बघायचं, पहिलं अक्षर बघायचं आणि शब्द ओळखायचा. चित्रात कुत्रा असतो, मूल मनात 'सुणें' म्हणतं आणि खाली 'क' दिसला की गोंधळतं. मासा दिसला की 'नुस्तें', पाणी दिसलं की 'उदक'. त्या मुलाला वाचता येत नाही असा निष्कर्ष काढू नका. पुस्तक हातात देण्याआधी चित्रं एकदा मराठीतून बोलून घ्या, "हा कुत्रा, हे पाणी", एवढ्याने अडचण निम्मी कमी होते. घर, गाय, झाड असे दोन्हीकडे सारखे शब्द असलेलं पुस्तक मिळालं तर पहिलं तेच घ्या.

आणि घरात पूर्ण कोंकणीच असेल तर पहिलं पुस्तक देवनागरी कोंकणीतलं का नको? अक्षरं तीच, खुणा त्याच, शिवाय प्रत्येक शब्द मुलाच्या तोंडचा. तिथे कमावलेलं अक्षरज्ञान मराठीत जसंच्या तसं वापरता येतं. मराठीचा आग्रह असलेल्या काहींना हे रुचणार नाही, आणि उलट बाजूच्या काहींना मराठी पुस्तक रुचत नाही. कोंकणीला गोव्याची राजभाषा ठरवणारा कायदा १९८७ सालीच झाला. त्याआधीची आणि नंतरची भांडणं मोठ्यांनी मोठ्यांपुरती ठेवावीत, सहा वर्षांच्या मुलाच्या पुस्तकांच्या ढिगात ती आणू नयेत.

चित्रांतली दुनिया ओळखीची असावी, हा मुद्दा लोक जरा ताणतात. पुस्तकात बर्फ किंवा उंट आला म्हणून बिघडत नाही, उलट ऐकायच्या पुस्तकात तो यावाच. पण स्वतः वाचताना मुलाला चित्राचा आधार लागतो, तेव्हा ऐरण, औत, खलबत्ता अशा न पाहिलेल्या वस्तूंवर अक्षरं शिकवणारी पुस्तकं आधार काढून घेतात. फेरीबोट, पोदेर (पाववाला), माटोळी (गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळा-भाज्यांची मांडणी), कुळागर (नारळ-सुपारीची बाग) असलेली तयार पुस्तकं फार थोडी मिळतील. ती घरी करता येतात. दोन कोरे कागद मधोमध दुमडून टाचले की आठ पानं होतात. प्रत्येक पानावर मुलाने चित्र काढायचं, आपण खाली एक ओळ मोठ्या अक्षरात लिहायची. चवथीच्या दिवसांत "माटोळीला काय काय बांधलं" असं एक पुस्तक नक्की करा, नारळ, केळी, काकडी, पानाला एक वस्तू. दुसऱ्या ढिगातलं ते सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक ठरतं, आणि एक पैसा लागत नाही.

चौथी पायरी: हातात घेऊन पारखा

मुखपृष्ठावरचं "वय ३ ते ६" वाचून पुस्तक घेऊ नका. तीन वर्षांचं आणि सहा वर्षांचं मूल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि मराठीत सगळ्या प्रकाशकांनी मिळून ठरवलेल्या पातळ्या नाहीत. ज्याचा त्याचा अंदाज.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या गोष्टी सांगते. मधलं पान उघडा आणि पुटपुटत वाचा. तुमचीच जीभ अडखळली, वाक्य परत वाचावं लागलं, तर पुस्तक खाली ठेवा. बाजारातली बरीच पुस्तकं इंग्रजी किंवा हिंदीवरून आलेली असतात. चांगला अनुवाद कळतही नाही, वाईट अनुवाद मोठ्याने वाचताच उघडा पडतो. मग मजकुरावर हात ठेवून नुसतं चित्र बघा. पानावर काय चाललंय ते चित्रातून निम्मं तरी कळलं पाहिजे. चित्रात लाल छत्री आणि मजकुरात निळी, असंही छापलेलं असतं. पुस्तकावर चित्रकाराचं नाव आहे का बघा. ज्या प्रकाशकाला चित्रकाराचं नाव टाकावंसं वाटत नाही त्याने मजकुरावरही फार मेहनत घेतलेली नसते, हा माझा ठोकताळा सहसा चुकत नाही.

अक्षरांचं वळण नीट बघा. हे कुणी सांगत नाही आणि मुलांना सगळ्यात जास्त नडतं. मराठी शाळेत पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात. महाराष्ट्र शासनानेही हीच रूपं प्रमाण धरली आहेत. पण संगणकावरच्या अनेक टंकांत (फॉन्टमध्ये) हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा ल येतो आणि श सुद्धा वेगळा दिसतो. आपल्या लक्षातही येत नाही. नुकतंच वाचू लागलेलं मूल मात्र "हे कोणतं अक्षर?" म्हणून अडतं. पहिल्या चार-पाच पुस्तकांत तरी शाळेतलंच वळण असू द्या. अक्षर मोठं हवं, शब्दांमध्ये मोकळी जागा हवी, गडद चित्रावर मजकूर छापलेला नको, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला तर अजिबात नको.

मूल बरोबर असेल तर पाच बोटांची जुनी युक्ती वापरा. मुलाला एक पान वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडा. भरल्या पानावर पाचही बोटं दुमडली गेली तर पुस्तक अवघड. पण ही युक्ती वीस-पंचवीस शब्दांच्या पानासाठी ठीक. आपल्या पहिल्या पुस्तकांत पानावर पाच-सहाच शब्द असतात, तिथे दोन बोटं दुमडली की थांबा.

काय घेऊ नये याची यादी छोटी आहे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक गोष्ट देणारे जाड ठोकळे घेऊ नका. शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेली, आणि मागे प्रश्न व रिकाम्या जागा भरा असलेली पुस्तकंही नकोत. घरात आधीच असतील तर ती शेवटची पानं सरळ स्टेपल करून टाका. बटण दाबल्यावर आवाज येणारी पुस्तकं खेळणी म्हणून उत्तम.

पाचवी पायरी: कुठे शोधायची

विकत घ्यायची तर प्रकाशक लक्षात ठेवा, दुकानदाराला नावाने मागता येतं. प्रथम बुक्सची पुस्तकं पातळ, स्वस्त आणि मागे पातळी छापलेली असतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली मराठी पुस्तकंही परवडणारी असतात, बहुतेक वाचून दाखवण्याच्या ढिगात जातील. ज्योत्स्ना प्रकाशनाची बरीच चित्रपुस्तकं मूळ मराठीतली आहेत. त्यांतली भाषा घरात बोलतो तशी वाटते, म्हणून माझा ओढा तिकडे. चेन्नईच्या तूलिकाची मराठी आणि द्वैभाषिक पुस्तकं मिळतात. द्वैभाषिक पुस्तकात दोन लिप्या एकाच पानावर असतात. मूल मराठी वाचत असताना इंग्रजी ओळीवर कागदाची पट्टी ठेवा, नाहीतर डोळा सोप्या वाटेने पळतो.

फुकट हवं असेल तर प्रथम बुक्सचंच स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मराठी आणि कोंकणी दोन्हींतल्या गोष्टी तिथून उतरवून घेता येतात, छापताही येतात, तशी मोकळीक त्यांच्या परवान्यातच आहे. पातळी एकच्या गोष्टी साधारण २५० शब्दांपर्यंत, दोनच्या ६०० पर्यंत, तीनच्या १५०० पर्यंत. मराठी वाचकाने हे आकडे जपून घ्यावेत. मराठीत 'घरासमोरच्या' हा एक शब्द मोजला जातो, इंग्रजीत तेवढ्यासाठी चार-पाच लागतात. म्हणून आपली पातळी एकची काही पुस्तकं मुलाला पातळी दोनसारखी जड जातात. शिवाय तिथे बरेच अनुवाद वेगवेगळ्या लोकांनी केलेले, त्यामुळे प्रत उतरवण्याआधी मोठ्याने वाचण्याची चाचणी इथेही हवी. मोबाइलवर वाचून घेण्यापेक्षा कागदावर छापा, काळं-पांढरं चालेल. मूल चित्रं रंगवतं आणि पुस्तक त्याचं होतं.

विकत घेण्याआधी ग्रंथालय. पणजीच्या पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ सालची, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत ते मोडतं. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. मुलाला बरोबर घेऊन जा आणि घाई करू नका, मुलं आधी दहा पुस्तकं जमिनीवर पसरतात आणि मग एक निवडतात. सदस्यत्वाचे नियम खिडकीवर विचारून घ्या. पणजीत बुकवर्म ही संस्था २००५ पासून मुलांच्या वाचनाचंच काम करते, तिथले लोक मुलाशी दोन शब्द बोलून पुस्तक सुचवतात. तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयांत मुलांचं कपाट असतं, पण ते बऱ्याचदा कुलपात. किल्ली मागा. आठवड्याला कुणीतरी मागू लागलं, की कपाट उघडं राहतं.

वाडीवरच्या चार घरांनी मिळून पुस्तकं फिरवली तर खर्च चौथाई होतो. फक्त एक अट: मुलाचं सगळ्यात लाडकं पुस्तक त्याला विचारल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही.

सहावी पायरी: घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी वाचायला सांगू नका. मांडीवर घेऊन नुसती चित्रं बघा, मराठीत बोला, पुढे काय होईल ते विचारा. मग तुम्ही एकदा वाचा, शब्दांखालून बोट फिरवत, गाणं म्हटल्यासारखं नव्हे, बोलतो त्या वेगाने. दुसऱ्या वेळी दोघं मिळून. परत येणारी ओळ मुलाने म्हणायची, बाकीचं तुम्ही. मग ते एकटं वाचेल. कुणी त्याच दिवशी वाचतं, कुणाला आठ दिवस लागतात.

शब्दाशी अडलं की मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा मूल स्वतःच सोडवतं. नाही सुटला तर शब्द सांगून मोकळे व्हा. "क ला काना का, व ला काना वा" ही फोड पाटीवर ठीक आहे, गोष्टीच्या मधोमध केली तर कावळा उडून जातो आणि मागे फक्त काना उरतो. 'आला' ऐवजी कोंकणी 'आयलो' वाचलं तर आनंद माना. त्याने शब्द ओळखला आहे, अर्थही लागला आहे. वाक्य संपल्यावर तुम्ही 'आला' म्हणून पुढे जा.

"त्याला पाठ झालंय, वाचत नाहीये" ही तक्रार हमखास येते. पाठ होणं हाही वाचनाचाच भाग आहे, मूल पाठ असलेला आवाज आणि दिसणारं अक्षर यांची सांगड घालत असतं. शंका असेल तर पुस्तकातले पाच-सहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, उलटसुलट मांडा आणि नवीन वाक्य करायला सांगा. "काका घरात आला" असं काहीतरी विचित्र वाक्य झालं की मुलं खूश होतात. शब्द ओळखले तर वाचन चालू आहे. नाहीच ओळखले तर पुस्तक थोडं अवघड आहे, एवढंच.

दिवसाला दहा मिनिटं खूप झाली. रोज ठरलेली वेळ असेल तर बरं, दिवेलागणीनंतर जेवणाआधी बहुतेक घरांत जमतं. आजी-आजोबा असतील तर ऐकायचं काम त्यांना द्या. ते मध्येच चुका काढत नाहीत, आणि मुलाला घाई नसलेला श्रोता मिळतो.

पुढच्या पुस्तकाकडे कधी जायचं

मूल एखादं पुस्तक न थांबता, गप्पा मारल्यासारखं वाचायला लागलं, की त्याच तोलाची आणखी दोन पुस्तकं द्या. एकदम वरची पातळी नको. तिन्ही सहज वाचली, की मग जोडाक्षरं थोडी जास्त असलेलं, पानावर तीन-चार ओळी असलेलं पुस्तक. जुनी सोपी पुस्तकं हाताशीच ठेवा. दमलेलं मूल तिकडेच वळतं, आणि वळावं.

आपलं मूल मागे पडलंय का, ही धास्ती असेल तर केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत मोहिमेतली उद्दिष्टं बघून घ्या. पहिलीच्या शेवटी अनोळखी मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं वाचता यावीत आणि तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह. म्हणजे पहिलीच्या दिवाळीत मूल "पाऊस आला" वाचत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. घड्याळ लावून शब्द मोजायला मात्र बसू नका. शाळा इंग्रजी असेल तर मराठी वाचन वर्षभर मागे राहतं, त्यात नवल नाही. पण दुसरी संपतानाही रोजच्या ओळखीची अक्षरं सतत उलटसुलट दिसत असतील, ओळ हरवत असेल, वाचताना डोळे चोळणं चालू असेल, तर आधी डोळे तपासा आणि मग वर्गशिक्षकांशी बोला. पुस्तकं बदलून तो प्रश्न सुटत नाही.

पावसाळ्यातली निगा

गोव्यात पुस्तक निवडताना हेही बघावं लागतं. जून ते सप्टेंबर गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात, पिना गंजून मधल्या पानांवर तपकिरी डाग पडतात, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी येते. शक्य तिथे दोऱ्याने शिवलेली किंवा जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्या. पिनांची असतील तर पावसाआधी पिना काढून सुई-दोऱ्याने दोन टाके घाला, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या ढिगातली पुस्तकं बंद कपाटात ठेवूच नका, उघड्या टोपलीत, मुलाच्या हाताला येतील अशी, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. रोज हाताळलेल्या पुस्तकाला बुरशी सहसा धरत नाही. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायची सवय असेल तर मुलांच्या पुस्तकांत ती नको. लहान मुलं त्या तोंडात घालतात. कडुलिंबाची वाळलेली पानं पुरतात. चवथ झाल्यावर ऊन पडू लागलं, की पुस्तकं उघडी करून सावलीत वारा लागेल अशी ठेवा. थेट उन्हात पुठ्ठे वाकतात.